व्हिडिओ गेममधली लक्षात राहणारी गोष्ट नेमकी कोणाची?

कुंपणावरून (धागालेखक):

खेळाडूंच्या गप्पांत वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या गोष्टी पाहिल्या, तर त्यांतल्या बहुतेक कोणत्याही पटकथाकाराने लिहिलेल्या नसतात, असे माझे मत आहे. उदाहरण म्हणून ‘ईव्ह ऑनलाइन’ घ्या. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा हा अवकाशातला खेळ २००३ पासून चालू आहे आणि त्यात हजारो खेळाडू एकाच विश्वात वावरतात. जानेवारी २०१४ मध्ये एका बलाढ्य आघाडीकडून बी-आर५आरबी या तारामंडळावरच्या ताब्याचे शुल्क भरायचे राहून गेले, ताबा सुटला, आणि हे लक्षात येताच शत्रुपक्ष तिथे धावून आला. लढाई सुमारे २१ तास चालली आणि साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तीत उतरले. सर्व्हरवर इतका ताण आला की खेळातला काळ एक-दशांश गतीने सरकू लागला. टायटन वर्गाची ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. त्या खेळात बुडालेले जहाज परत मिळत नाही, आणि खऱ्या पैशांत त्या दिवशीचे नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. कंपनीने पुढे त्याच जागी भग्न जहाजांचे स्मारक उभे केले.

माझा दावा असा की, अशी गोष्ट जन्माला येण्यासाठी दोन अटी लागतात: खेळाच्या नियमांना शेवट आधी ठाऊक नसावा, आणि झालेली हानी जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला डाव) उघडून पुसता येऊ नये. बाकीच्या, म्हणजे लिहून दिलेल्या कथा आपण पाहतो. त्या आपल्या होत नाहीत.

उलटतपासणी:

आपण जे सांगितले ती बातमी आहे, गोष्ट नव्हे. त्या २१ तासांत बहुसंख्य खेळाडू संथ झालेल्या पडद्याकडे पाहत बसले होते, हे आपणच दिलेल्या तपशिलावरून उघड आहे. घटना मोठी असली म्हणजे अनुभवही मोठा असतो, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरे, लिखित कथा आपली होत नाही, हेही मला मान्य नाही. २०१८ चा ‘रेड डेड रिडेम्पशन २’ पाहा. (ज्यांना तो खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) सुरुवातीच्या भागात नायक आर्थर एका आजारी शेतकऱ्याकडे कर्जवसुलीला जातो आणि त्याला मारहाण करतो. ती मारहाण खेळाडूच बटणे दाबून करतो, आणि खरे सांगायचे तर सवयीने, फारसा विचार न करता करतो. त्या झटापटीत शेतकरी आर्थरच्या तोंडावर खोकतो. पुढे कितीतरी तासांच्या खेळानंतर शहरातला डॉक्टर आर्थरला क्षय झाल्याचे सांगतो, आणि तो कुठून आला हे खेळाडूच्या झर्रकन लक्षात येते. जुना सेव्ह कितीही वेळा उघडा, क्षय टळत नाही. आपली दुसरी अट इथे लेखकाने स्वतःच पाळली आहे.

जुनी मेस:

दोघांच्याही नजरेतून सांगणारा माणूस सुटला आहे. आमच्या वसतिगृहात ‘एज ऑफ एम्पायर्स २’ चालायचा. एका डावात आमच्या मित्राचे सगळे राज्य गेले, तेव्हा त्याने उरलेला एकमेव गावकरी नावेत बसवला आणि ती नाव नकाशाच्या काळ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. जिंकणाऱ्याला विजय जाहीर होईना आणि नाव सापडेना. शेजारच्या खोलीतून त्याच्या शिव्या तेवढ्या ऐकू येत होत्या. खेळात घडले ते एवढेच. पुढे मेसच्या टेबलावर ही हकीकत ज्याने त्याने आपापल्या परीने वाढवली, आणि नाव लपवण्याची कल्पना आपलीच होती असे सांगणारे आज किमान तिघे आहेत. गोष्ट मेसमध्ये जन्मली; संगणकावर फक्त एक नाव उभी होती.

कुंपणावरून:

सांगणारा लागतो हे खरे, पण कच्चा माल आधी असावा लागतो. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकी भावांच्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये जिंकणे असा प्रकारच नाही, खेळाडूने वसवलेली बुटक्या लोकांची वसाहत कधी ना कधी बुडतेच. २०१५ मध्ये त्यात मद्यालये आली आणि खेळाडूंच्या वसाहतींतली मांजरे पटापट मरू लागली. टार्नने शोध घेतला तेव्हा कळले की, बुटके लोक जमिनीवर दारू सांडत, मांजरे त्यातून चालत आणि मग पंजे चाटून साफ करत. प्रत्येक चाटण्यासरशी अख्खा पेला पोटात गेल्याची नोंद होत होती. सांडणारे बुटके, ओले पंजे, स्वच्छतेची सवय आणि मोजमापातली चूक: यांतला प्रत्येक दुवा कोणीतरी लिहिला होता, साखळी मात्र कोणीच लिहिली नव्हती. ती मेसमध्ये सांगितली जाण्यापूर्वीच गोष्ट होती.

वाटसरू:

या चर्चेत माणसे कमी आणि यंत्रणा जास्त दिसते, म्हणून वेगळे उदाहरण देतो. नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायूंच्या असाध्य आजाराने २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. मुलाचे आयुष्य एकाकी गेले, असे आईवडिलांना वाटत होते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची वार्ता टाकली आणि वेगवेगळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात इबेलिन या नावाच्या पात्राच्या रूपाने त्याने अनेकांशी जिवाभावाचे संबंध जोडले होते, त्यांतले काहीजण अंत्यविधीलाही आले. यात टायटन बुडाले नाहीत आणि लेखकाने रचलेली शोकांतिकाही नाही. धागालेखकाच्या दोन्ही अटी इथे निरुपयोगी ठरतात.

उलटतपासणी:

वाटसरू यांचे उदाहरण हृद्य आहे. पण तिथे खेळ हे निमित्त होते. त्या मैत्री साध्या गप्पांच्या खोलीतही जुळल्या असत्या.

वाटसरू:

नसत्या. इबेलिन चालत होता, पळत होता, कोणाजवळ तरी जाऊन बसत होता. व्हीलचेअरवरच्या मुलाला गप्पांच्या खोलीत हे मिळत नाही.

कुंपणावरून:

स्टीनच्या बाबतीत माझी पहिली अट लागूच आहे, कारण कोण कोणाला भेटेल हे तिथे कोणीही ठरवले नव्हते. दुसरी अट तिथे लागत नाही, एवढे मी मान्य करतो. आर्थरचा क्षय मात्र सर्वांना सारखाच होतो. दोन खेळाडू भेटले तर एकमेकांना सांगण्यासारखे नवे काही त्यांच्याजवळ नसते.

उलटतपासणी:

‘नवे’ हवे, ही अट मूळ धाग्यात नव्हती. ती आपण आत्ता घातली आहे. श्रोत्यांना आख्यान आधीच पाठ असते म्हणून कीर्तनाचा मंडप कधी ओस पडत नाही. शिवाय त्या शेतकऱ्याला मी किती वेळ मारले आणि थांबावेसे कधी वाटले, हे माझे एकट्याचेच आहे.