नाताळची कार्डं वर्षभर थोडी थोडी करायची आहेत, पण पावसाळ्याचं काय?

चरईकर_कात्री
६ जानेवारी, रात्री ११.२०

आज तीन राजांचा सण, म्हणून संध्याकाळी गोठा आवरला. मेंढ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, बाळ येशू कापसात, आणि न झालेली सतरा कार्डं परत माळ्यावर. यादी ४६ जणांची होती. १८ डिसेंबरला रात्रीची भांडी आवरून बसले ती २३ च्या पहाटेपर्यंत रोज तेच. २९ झाली. त्यातली शेवटची सहा-सात तर शत्रूलाही पाठवू नयेत अशी. एका चांदणीला चारच टोकं आहेत, पाचवं कापायचं राहूनच गेलं.

उरलेल्यांना मोबाइलवर शुभेच्छा. वसईच्या मावशीचा २७ ला फोन आला, "काय गं, माझं कार्ड वाटेत हरवलं का?" मी "हो ना" म्हणाले. नाताळची मिस्सा होऊन दोनच दिवस झाले होते.

तर यंदा आजपासूनच सुरुवात करायची म्हणते. हिशेब सोपा आहे, महिन्याला चार-पाच. पण हा शहाणपणा मी तीन वर्षांपूर्वीही केला होता. एप्रिल ते जुलै बसून वीस कार्डं केली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली, माळ्यावर ठेवली. आमचं घर ठाण्याच्या तलावपाळीपासून पाच मिनिटांवर, तळमजला, श्रावणात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. नोव्हेंबरात पिशवी सोडली तर आतून कुबट वास. पांढऱ्या कार्डांवर काळे ठिपके, बाजरी सांडावी तसे. दोन कार्डं एकमेकांना अशी चिकटलेली की सोडवताना मारियेचा चेहरा दुसऱ्या कार्डाच्या पाठीवर गेला. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पिवळी पडून कडेने पाझरली होती, आणि जिथे कणकेची खळ लावली होती तिथे कसरीने जेवण केलेलं. विसातली पाच वाचली.

जे खरंच वर्षभर करतात त्यांना विचारायचंय: पावसाचे चार महिने हातच लावायचा नाही का? मग वर्षभर कसलं? की ठेवण्यात माझी चूक होते? मी ऐरोलीला नोकरी करते, घरी यायला साडेसात होतात. हातात रोज अर्धा तास धरा.

नेरुळची_सिस्टर
७ जानेवारी, दुपारी २.०५

सिस्टर म्हणजे नर्स हं, नन नव्हे. आधीच सांगते, मागे एकांनी मला "मदरना विचारून कळवा" म्हटलं होतं.

वॉर्डात ३४ वर्षं काढली. बरोबरच्या निम्म्या जणी केरळच्या, त्यामुळे आमच्या ड्युटी रूममध्ये नाताळ दिवाळीइतकाच मोठा. त्या सगळ्या आता कुठे कुठे पांगल्या, त्यांना दरवर्षी तिसेक कार्डं जातात.

तुझी चूक "महिन्याला चार" या हिशेबात आहे. कार्ड म्हणजे पोळी नव्हे, एक पुरती भाजून डब्यात टाकली की दुसरी लाटायला घ्यायची. वर्षभरात कार्डं वाटू नकोस, कामं वाट. डिंकाचं आणि पावसाचं पटत नाही, एवढं एक धरून बाकी सगळं पुढेमागे कर. मी तर उन्हाळ्यातही काही चिकटवत नाही, कारण मार्चमध्ये चिकटवलेलं चार महिने पावसातून जपावं लागतं. चिकटवायचं ते फक्त ऑक्टोबरात. लोक ऑक्टोबर हीटला शिव्या देतात, मी तिची वाट बघते. दुपारी दोनला लावलेलं चहाच्या वेळेपर्यंत खडखडीत.

आत्ता जानेवारी ते मे काय करायचं, तर कापायचं, घड्या पाडायच्या, रंगवायचं. कागद २५० ते ३०० जीएसएमचा घे (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). ए-फोर आडवा मधोमध कापायचा आणि त्या अर्ध्याची घडी घालायची, की पाकिटात बसणारं कार्ड मिळतं. कागदालाही लाकडासारखा रेषा असतो. हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघ, एकीकडे सहज वाकतो, दुसरीकडे अडतो. सहज वाकतो तिकडून घडी घाल. बहुतेक ए-फोर कागदात रेषा लांबीच्या बाजूने असतो, म्हणून मी सांगितलं तसं कापलंस की घडी आपोआप रेषेतून येते. तोच कागद उभा चिरून लांबट कार्ड केलंस तर घडी रेषेला आडवी जाते आणि रंगीत कागद पाठीवर फाटल्यासारखा पांढरा दिसतो. घडीआधी स्टीलची पट्टी लावून संपलेल्या रिफिलने एक दाबरेघ मार. कापायला मी ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड वापरते. मेडिकलवाला पहिल्यांदा देताना माझ्याकडे जरा निरखून बघत होता.

पावसाळ्याचं काम म्हणजे सुईदोरा. यात डिंकच नाही. कार्डाच्या दर्शनी बाजूवर वाटी उपडी ठेवून पेन्सिलने हलका गोल काढ, त्यावर सारख्या अंतरावर १६ खुणा कर. खाली थर्माकोलचा तुकडा घेऊन टाचणीने भोकं पाड. मग भरतकामाच्या लडीतले दोन पदर सुईत ओवून एका भोकातून वर ये, पुढची सात मोजून सातव्यात उतर. पाठीमागूनही त्याच दिशेने सात मोजून सातव्यातून वर, पुन्हा सात. पुढे लांब रेघा एकमेकींना कापत जाऊन मधोमध एक छोटा गोल आपोआप उमटतो. सोळा टोकांची चांदणी. दोरा फार ओढू नकोस, कागद चिरतो. टाके घालण्यात आयुष्य गेलं माझं, तरी पहिल्या दोन कार्डांची चाळण झाली होती. एक चांदणी वीस मिनिटांची, म्हणजे तुझ्या अर्ध्या तासात चहाही बसतो.

दुसरं, पिंपळपान. लहानपणी वहीत ठेवून जाळी करायचो ती वर्षातून एखादीच नीट व्हायची. जुलैत जून झालेली, न किडलेली पानं बादलीत भिजत घाल, वर वजन ठेव. तीन-चार आठवड्यांत हिरवा गर कुजतो, मग ताटात पाणी घेऊन मऊ टूथब्रशने हलकेच सोडवायचा. वासाबद्दल मी काही बोलत नाही, घरातले बोलतील. बादलीवर झाकण हवंच. आमच्याकडे पालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला आली आणि थेट माझ्या बादलीपाशी थांबली. त्यांना मी नाताळच्या कार्डांचं समजावून सांगत होते आणि ती माणसं एकमेकांकडे बघत होती. धीर नसेल तर धुण्याच्या सोड्यात मंद आचेवर उकळ, पण पातेलं वेगळं ठेव.

ठेवायचं कशात, तर फराळाच्या स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत तू कार्डं ठेवली नाहीस, पावसाळा कोंडून ठेवलास. चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठव, डब्यात चार-पाच टाक, कार्डांमध्ये बटर पेपर घाल. डबा माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नको, आतल्या कपाटात. डांबरगोळ्या नकोत, नाहीतर कार्ड उघडल्यावर आजीच्या ट्रंकेचा वास येतो. आणि खळ बंद कर, ती कसरीला आमंत्रण आहे.

रिटायर_टपालवाला
७ जानेवारी, रात्री ९.४०

ताई, सिस्टरबाईंनी करण्याचं सांगितलं, मी धाडण्याचं सांगतो. ३०० जीएसएमचा ए-फोर पावणेएकोणीस ग्रॅम भरतो. त्याचा अर्धा म्हणजे साडेनऊच्या आत. पाकीट चार-पाच ग्रॅम. साध्या पत्राला पाच रुपयांत २० ग्रॅम जातात. म्हणजे तुमच्या सगळ्या कलाकुसरीला फार तर पाच-सहा ग्रॅम उरतात. दोऱ्याची चांदणी उत्तम, तिला वजनच नाही. बटणं, मणी, घंटा लावल्या की दोन अडचणी: वजन जातं वर, आणि शिक्का बसतो नेमका घंटेवर. मी स्वतः मारलेत असे शिक्के, आवाजावरून कळायचं आत काय होतं.

लाल पाकिटावर सोनेरी पेनाने पत्ता कृपया लिहू नका. सॉर्टिंगला ट्यूबलाइटखाली नुसता लाल चौकोन दिसतो. पांढरी चिठ्ठी चिकटवा, त्यावर काळ्या शाईने लिहा, पिनकोड सुटा सुटा. परदेशची पाकिटं नोव्हेंबरच्या मध्याला टाका, इकडची १० डिसेंबरच्या आत.

जाता जाता एक गंमत. छापलेलं पहिलं नाताळ कार्ड लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी काढलं. चित्र जॉन हॉर्स्ली या चित्रकाराचं. १८४० साली तिकडे एका पेनीत पत्र जाऊ लागलं, त्या सुधारणेत कोल यांचाही हात होता. मग पत्रांचा एवढा पाऊस पडला की म्हणे उत्तरं लिहायला त्यांना वेळ पुरेना, म्हणून छापील कार्डाची युक्ती. किंमत एक शिलिंग, म्हणजे टपालाच्या बारापट! चित्रात घरचे सगळे वाइनचे पेले घेऊन बसलेत, एका लहान मुलीलाही घोट पाजतायत, त्यावरून ओरडाही झाला. तेव्हा ताई, कार्डाचा जन्मच मुळी घाईतून झालाय. १८ डिसेंबरचं फार मनाला लावून घेऊ नका.

घणसोली_फास्ट
८ जानेवारी, सकाळी ८.१२

राग मानू नका, पण एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर एक चांगलं चित्र करून ४६ जणांना एका मिनिटात जातं. पिंपळाची पानं कुजवायची म्हणजे जरा अतीच.

चरईकर_कात्री
८ जानेवारी, रात्री ८.५०

@घणसोली_फास्ट दादा, राग कसला. सतरा जणांना तसंच पाठवलं की. सोळा जणांकडून हात जोडलेले आले आणि सतराव्या मावशी.

सिस्टर, टपालवाले काका, दोघांचे आभार. "पावसाळा कोंडून ठेवलास" हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तो अजून हसतोय. सोळाला सातने मोजायचं म्हणजे फिरून पहिल्या भोकाशी येणार का, एवढी एक शंका आहे. करून बघते. येऊरच्या बाजूला नेचे छान असतात, तेही दाबून ठेवीन म्हणते.

कोपरी_पूर्व
९ जानेवारी, दुपारी १२.३०

येऊरचे नेचे तोडू नका हो, ते राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून पानही आणायचं नाही. सोसायटीतल्या कुंडीतले घ्या.

सामानाचं सांगते. पतंगाचा कागद संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घ्या, दुकानदाराला तो काढायचाच असतो. चांदणीच्या आकाराची खिडकी कापून मागून लावला की उजेडात चर्चच्या काचेसारखा दिसतो. राख्या टाकू नका, त्यातल्या टिकल्या बारीक आणि चपट्या असतात, काकांच्या ग्रॅममध्ये बसतील. गणपतीत मखराची उरलेली सोनेरी लेस, आणि दिवाळी झाली की जांभळी नाक्यावर कंदिलाचे कागद. मोठी खरेदी एकदाच करायची तर मुंबईची अब्दुल रहमान स्ट्रीट, पण शनिवारी जाऊ नका. लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजूही वाया घालवू नका. आमच्याकडे निम्मी कार्डं कुणाच्या तरी लग्नाच्या पाठीवर गेली आहेत.

चरईकर_कात्री
१४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचा राहिला होता.

मेपर्यंत ५० कार्डं कापून, घड्या पाडून झाली. चार बिघडतील असं धरलं होतं, सहा बिघडली. पावसात ३१ चांदण्या झाल्या. सिस्टर, सातने मोजलं की सोळाही भोकं घेऊन दोरा खरंच पहिल्या भोकाशी येतो. जुलैत एका रात्री लाइट गेले, मेणबत्तीत सातऐवजी सहा मोजत गेले, तर आठ भोकांतच चांदणी पुरी झाली आणि एकाआड एक भोक रिकामं राहिलं. ते कार्ड उजेडासमोर धरलं की रिकाम्या भोकांतून आठ ठिपके चमकतात. मुद्दाम करायला गेले असते तर सुचलं नसतं. मग मुद्दाम तशी अजून तीन केली.

पिंपळपानं बारा घातली, सात निघाली. शेजारच्या काकूंनी ड्रेनेजची तक्रार करायला प्लंबर बोलावला होता, त्याचे पैसे मी दिले. काकूंना कार्ड त्याच पानाचं जाणार आहे.

फराळाचा डबा आत्ता उघडला. ठिपके नाहीत, वास नाही, कसर नाही. एका कोपऱ्यात चार कार्डं थोडी बाकदार झालीत, ती पोळपाटाखाली ठेवलीत. दिवाळीचा फराळ मात्र यंदा पातेल्यात ठेवावा लागणार असं दिसतं. परवापासून रोज दुपारची हीट घरी नसताना वाया जाते म्हणून चिकटवायला शनिवार-रविवार काढलेत.

मावशीचं कार्ड सगळ्यात आधी पुरं केलं, सहाने मोजलेलं. घरच्या काट्यावर विश्वास बसेना म्हणून पाकिटासकट गल्लीतल्या सोनाराकडे नेलं. १७ ग्रॅम भरलं. त्याने पाकीट काट्यावरून उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "ताई, घडणावळ किती लावलीत?"