मैफिलीतून शास्त्राच्या वर्गाकडे: सुरुवात कुठून करावी?

तरफ: सतारवादक आहे, आता नवख्या मुलांना संगीतशास्त्र शिकवायचं आहे. आठवड्याला एक तास. राग वाजवून दाखवता येतो, पण "भूप रागात मध्यमच नाही, मग त्याचा थाट (रागांच्या वर्गवारीचा सात स्वरांचा संच) कल्याण कसा?" असं विचारलं तर सांगायचं काय?

पूर्वांग: याच प्रश्नावर पहिला तास घ्या. सा रे ग प ध हे पाच शुद्ध स्वर बिलावल, कल्याण, खमाज या तिन्ही थाटांत बसतात; त्यांच्यातला फरक मध्यम-निषादात आहे आणि ते भूपात नाहीत. म्हणजे भूपाचा थाट नुसत्या स्वरांवरून ठरत नाही, चलन, म्हणजे राग स्वरांतून कसा फिरतो ते, बघावं लागतं. लगेच देशकार राग घ्या: स्वर तेच, थाट बिलावल. भूपाचा वादी (रागाचा मुख्य स्वर) गंधार, देशकाराचा धैवत. दोन्हींचे छोटे आलाप रागाचं नाव न सांगता वाजवा आणि 'कुठल्या स्वरावर थांबलो' एवढंच मुलांना लिहू द्या. वादी, पूर्वांग (सप्तकाचा खालचा अर्धा भाग), उत्तरांग (वरचा अर्धा) हे शब्द फळ्यावर त्यानंतर. वाजवणं एका वेळी २०-३० सेकंद पुरे; आलाप रंगला की मुलं ऐकत बसतात, वही कोरी राहते. घराण्यांतले मतभेद पहिल्या काही महिन्यांत नकोतच. भातखंड्यांचे १० थाट ही वर्गवारीची सोय आहे, हे मात्र आधीच सांगा.

लयकार: खरी अडचण ताललेखनात येते. हातावर तिगुन (एका मात्रेत तीन बोल) सहज पडते, फळ्यावर चुकते. एकतालापासून सुरू करा: १२ ला ३ ने पूर्ण भाग जातो, तालाचं पूर्ण आवर्तन ४ मात्रांत बसतं, म्हणून समेवर (पहिल्या मात्रेवर) यायला तिगुन ९व्या मात्रेपासून. मग तीनताल. बोल १६, मात्रेत ३, म्हणजे ६ मात्रांत १८ जागा. उरलेल्या २ जागा सुरुवातीला: ११वी मात्रा 'ऽऽधा', १२वी 'धिंधिंधा'. मुलं त्या शेवटी टाकतात आणि सम दोन तृतीयांश मात्रा आधीच येते. टाळी देत म्हणायला लावा, चूक त्यांची त्यांनाच ऐकू येईल. सरावाला १० मात्रांचा झपताल द्या. ७वी मात्रा 'ऽऽधी' आली तर हिशेब बरोबर.

तरफ: तिगुनीचं नेमकं कळलं. स्वरओळखीला हार्मोनियम चालेल?

पूर्वांग: स्वरांची नावं ओळखण्यापुरती चालेल. श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म फरक) शिकवताना नको. समान अंतरांच्या पट्टीतला शुद्ध गंधार षड्जाशी ५:४ कंपनगुणोत्तर असलेल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. तंबोरा लावा आणि सतारीचा गंधाराचा पडदा किंचित सरकवून दोन्ही गंधार ऐकवा.