तग धरणं आणि सोसणं यांत फरक काय?

केळीबाग_यावल

राम राम मंडळी. प्रश्न जरा आडवा आहे, पण तीन आठवडे डोक्यातून जात नाही म्हणून इथं टाकतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी पावणेसहाला आमच्या शिवारात वारा सुटला. वीस मिनिटं. पाऊस म्हणाल तर टोपी भिजण्यापुरता. मागच्या जुलैत लावलेली मृगबाग, घड भरलेले, कापणी पंधरा दिवसांवर. सहा एकरांतली साडेचार एकर झोपली. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, पानांच्या देठांची गुंडाळी, आत सगळं पाणी. मोडताना कडाड होत नाही, ओलं धुणं दगडावर आपटल्यासारखा आवाज येतो. मी मोटारीच्या खोलीत दार धरून उभा होतो आणि तो आवाज मोजत होतो. चाळीसनंतर सोडून दिलं.

पंचनामा झाला. आठ दिवसांनी गावात एक कार्यक्रम होता, हवामान बदलावर. शहरातून आलेले वक्ते चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, खान्देशचा शेतकरी मोठा चिवट, अगदी केळीसारखा. आडवा झाला तरी पिलातून पुन्हा उभा राहतो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येताना गाडीवर राग आला, आणि कशाचा आला ते नीट सांगता येईना.

ज्यानं बाग केली त्याला ठाऊक आहे, पील म्हणजे आपोआप बाग नव्हे. एका बुडाशी पाच-सात फुटतात. एक ठेवायचं, बाकीची विळ्यानं कापायची, परत फुटली की परत कापायची. सगळी ठेवली तर एकही धड निसवत नाही, म्हणजे घड टाकत नाही. त्या एका पिलालाही वर्षभर खत, पाणी, मजुरी लागतेच, आणि पडलेल्या झाडाचं कर्ज त्याच्याच डोक्यावर. म्हणजे मी "उभा राहिलो" ते सोसायटीच्या कर्जाच्या नूतनीकरणावर आणि बायकोच्या पाटल्यांवर. याला चिवटपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

खरं सांगायचं तर वळवाचं वादळ काही आत्ता शोध लागलेलं नाही. वडिलांच्या वेळीही बागा पडायच्या, आणि ही वीस मिनिटं हवामान बदलाच्या खात्यावर टाका असं मी म्हणणार नाही. पण त्यांची बाग बसराई जातीची, बुटकी. कंद शेजाऱ्याकडून आणलेले, कुणी उंच, कुणी खुजं. थोडी पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग, थोडी पावसाळ्यानंतरची कांदेबाग. वारा आला तर काही पडायचं, काही वाचायचं. माझी जी-९ जातीची, टिश्यूची म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, सगळी रोपं एका उंचीची, एकाच पंधरवड्यात निसवलेली. उत्पन्न दीडपट घेतलं हे नाकारत नाही. पण सगळी झाडं एकच झाड असतील तर वाऱ्याला एकदाच यावं लागतं. जगात १९५० च्या आसपास निर्यातीची केळी बहुतेक ग्रो मिशेल जातीची होती, ती मर रोगानं अशीच बसली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आमची जी-९ त्याच घराण्यातली.

दुसरी कबुली. ठिबक बसवलं तेव्हा पाणी वाचलं. त्या वाचलेल्या पाण्यावर मी अडीच एकर केळी वाढवली. वडिलांची विहीर सत्तर फुटांची होती, तिच्यात आता पिंपळ उगवलाय. बोअर किती खोल आहे ते इथं लिहायला लाज वाटते. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला मे २०२५ मध्ये, ते पाणी येईल तेव्हा येईल.

भारतातला माणूस वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला १४ च्या आसपास. जाळलं एकानं, तापतंय दुसऱ्याकडं, हे कळतं. पण माझी अडीच एकरं कुणाच्या खात्यावर टाकू? आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे मीही वाटले होते. मानांकन भूगोलाला मिळालं. आता भूगोलच हलायला लागला तर ते कागद कुठं लावायचे?

तर प्रश्न असा: तग धरणं आणि नुसतं सोसणं यांत फरक कशानं करायचा? सोसणाऱ्याची तारीफ करून कुणीतरी आपली सुटका करून घेतंय का? पुस्तकी नको, आपापल्या अंगावरचं सांगा.

पांझराकाठ

दादा, मी साक्री तालुक्यातला, शाळेवरून निवृत्त. माझे वडील आमच्या बंधाऱ्यावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे होते, म्हणून हे लिहितो.

पांझरेवर फडाची पद्धत तीनशे वर्षांहून जुनी समजतात. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, फड दरवर्षी फिरता. आता यातली मेख बघा. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाणी कमी असलं की लोक जमायचे आणि ठरवायचे, यंदा चारातले तीनच फड भिजवू. चौथा कोरडा. त्या कोरड्या फडात पुढाऱ्याचंही रान असायचं आणि आमचंही. स्वतःच्या शेताचं बारं स्वतः धरायची सोय नव्हती, पाणी पाटकऱ्यानंच द्यायचं. वडिलांची मजुरी धान्यात. आहिराणीत ते म्हणायचे, "फड पडना ते सगळास्ना पडना, एकलाना नही."

मी लहानपणी त्यांच्याबरोबर रात्री पाटावर जायचो. खांद्यावर फावडं, हातात कंदील. एका शेताचं भिजलं की मातीचा दट्ट्या या तोंडातून काढून त्या तोंडात. भिजलं की नाही ते बघायला ते शेताच्या शेवटच्या कोपऱ्यात जाऊन अनवाणी उभे राहायचे. पायाला गार लागलं की पुढं. मालक घरी झोपलेला असायचा. आपल्या वाटचं पाणी दुसरा माणूस मोजतोय आणि आपल्याला झोप लागतेय, ही मला अजून नवलाची गोष्ट वाटते.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. तग माणसात नसतो, मांडणीत असतो. मांडणी शाबूत असली की साधा माणूसही तगतो, त्याच्या चिवटपणाची चौकशी करावी लागत नाही. मांडणी मोडली की मग चिवट माणसांचे सत्कार सुरू होतात. आमच्याकडं वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी आल्या, ज्याची मोटार त्याचं पाणी. काही बंधारे अजून चालतात, बरेचसे नुसते दिसतात.

फडाची फार आरती ओवाळायला नको, तेही सांगतो. फडात ज्याचं रान नाही त्याचं पाणीही नाही. पाणी समान, जमीन नाही.

आणि ही गोष्ट फक्त जुन्यातच शोधायची असंही नाही. आमच्याच तालुक्यात बारीपाड्याला १९९० नंतर लोकांनी स्वतः नियम करून जंगल राखलं, आज हजार एकराच्या वर आहे. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यासाठी. तिथं जाऊन आलं की कळतं, पहिली काही वर्षं त्यांनी झाडं लावण्यापेक्षा तोडू न देण्यात घालवली असणार. म्हणजे एकमेकांशी भांडण्यात. तुमच्या गावात पाण्यावरून एकत्र बसून भांडण झालं त्याला किती वर्षं झाली?

भुसावळ_जंक्शन

नाना, मस्त लिहिलंय. मी शेतकरी नाही, रेल्वेत होतो. माझं घराचं ऐका.

आमचं धाब्याचं घर होतं. सागाच्या कड्या, वर किलचण म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर हातभर माती. मे महिन्यात बाहेर ४५, आत आजी घोंगडीवर निवांत. पण धाबं दरवर्षी मागायचं. मृगाआधी वर चढून खारी माती टाकायची, चोपायची, पन्हाळं साफ करायची. एक वर्ष चुकलं की श्रावणात घरभर पातेली मांडलेली. वडील कंटाळले. १९९८ ला पाडून स्लॅब टाकला. म्हणाले, आता कटकट संपली.

संपली कुठं? स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनपर्यंत ओकतो. दोन कूलर, आता पोराच्या खोलीत एसी. त्याची वीज कोळशाची, आणि त्या कोळशाच्या वाघिणी मीच तीस वर्षं मोजल्या. टिकाऊ म्हणजे एकदा करून विसरता येतं ते, असं आम्ही धरून चाललो. धाब्याला विसरता येत नव्हतं म्हणून ते टिकलं असावं.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांसाठी: त्याच धाब्यातून माझ्या अंथरुणात विंचू पडला होता. परत त्या घरात जा म्हटलं तर मी जाणार नाही.

यावलवाल्या भाऊंच्या ठिबकाचं जे झालं ते जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५ लाच कोळशाबद्दल लिहून ठेवलंय. इंजिन कमी कोळसा खायला लागलं की कोळसा जास्त संपतो, कारण इंजिनं वाढतात. तेव्हा एकटं वाटून घेऊ नका.

माहेर_रावेर

सगळे मालक बोलले, आता मजुरांकडून. माझी आई वीस वर्षं केळीच्या बागांत रोजानं गेली. तिच्या सगळ्या साड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. तो डाग कशानंच निघत नाही. लग्नाकार्यासाठी ठेवलेली एकच साडी बिनडागाची होती.

बाग पडली की पहिले आठ दिवस आमच्याकडं काम वाढायचं. पडलेली झाडं ओढा, पानं काढा, बांधावर टाका. रोजही थोडा जास्त मिळायचा. लहान असताना मला वादळ आवडायचं, हे आज लिहिताना कसंतरी वाटतं. नवव्या दिवसापासून काहीच नाही, कारण कापायला घडच नाहीत. ते दोन-तीन महिने आई उधारीवर काढायची. तुमच्या बागेचा पंचनामा होतो दादा. आमच्या बुडालेल्या रोजाचा कुठल्या कागदावर होतो?

म्हणून तुमचा प्रश्न मला असा दिसतो. धक्का बसतो तेव्हा तो खाली कुणाकडं सरकतो? तुम्ही पाटल्या मोडल्या. ज्यांच्याकडं मोडायला काही नव्हतं त्यांनी पोरीची शाळा मोडली. माझी नाही मोडली, मधलीची मोडली. ती आता तिच्या गावात केळीतच जाते.

नानांचा फड वाचून छान वाटलं. पण शेवटच्या ओळी तुम्ही स्वतःच लिहिल्या म्हणून हात जोडले.

केळीबाग_यावल

ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. बाग साफ करायला माझ्याकडं नऊ बाया होत्या. नवव्या दिवसानंतर त्या कुठं गेल्या हे मी कुणाला विचारलं नाही, हे खरं आहे.

नाना, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पाण्यावरून एकत्र भांडण कधीच झालं नाही. आम्ही भांडतो ते एकेकटे, खाली. जमिनीत. शेजाऱ्याचं बोअर माझ्यापेक्षा खोल गेलं की माझं आटतं, मी आणखी खाली जातो, आणि वर भेटलो की एकमेकांना चहा पाजतो. फडाचं पाणी डोळ्यांना दिसत होतं हो. आमचं दिसत नाही, म्हणून वाटूनही घेता येत नाही. तरी पोळ्याआधी पाच-सहा जणांना बसवतो. कोण किती तास मोटार चालवतो एवढंच आधी कागदावर मांडू. कुणी खरं सांगेल असं वाटत नाही. मीही पहिल्या फेरीत सांगणार नाही बहुधा.

बाकी मी केलंय एवढंच. सहातलं एक एकर केळीतून काढलं. त्यात ज्वारी आणि उडीद, घरच्या कळण्याच्या भाकरीपुरती. पोरानं मोबाइलवर हिशेब करून दाखवला की या एकराचं किती बुडणार. हिशेब बरोबर आहे. त्याला म्हटलं, हे आपल्या कोरड्या फडाचं एकर समज. त्याला फड माहीत नव्हता, तुमची पोस्ट वाचायला दिली. उरलेल्यात अर्धी आता आणि अर्धी दिवाळीच्या सुमाराला लावणार, म्हणजे पडली तरी एका संध्याकाळी सगळी पडायची नाही. आणि त्या नऊ जणींना बाग असो-नसो महिन्याचे ठरावीक दिवस काम द्यायचं म्हणतोय. किती दिवस ते अजून जमलं नाही. बायको म्हणते दहा, मी आठवर अडलोय.

पश्चिमेच्या बांधाला वडिलांच्या वेळी शेवरीची दाट रांग होती, वारा तिच्यावर मरायचा. मी ती २००९ मध्ये काढली, दोन ओळी केळी वाढते म्हणून. आता परत लावायची आहे. गावठी बी कुणाकडं आहे का? दोन किलो पुरेल.

पांझराकाठ

आहे. कुरियर करतो, पैसे नकोत. पण शेळ्या सांभाळा, कोवळी शेवरी त्या बुडापासून खातात.

केळीबाग_यावल

शेळ्या माझ्या नाहीत नाना. त्या नऊ जणींतल्याच एकीच्या आहेत, माझ्याच बांधावर चरतात. तिच्याशी बोलावं लागेल.

माहेर_रावेर

बोला. आणि दहाच करा.