मदत हवी आहे: घेवड्याला काळा मावा, भोगीच्या आत आवरेल का?

कुंडीतली_कोथिंबीर:
नमस्कार. जुळे सोलापुरात राहते, वर मोकळी गच्ची आहे. पावसाळ्यात रंगाच्या रिकाम्या डब्यांत घेवड्याच्या चार बिया टोचल्या होत्या. त्यातले दोन वेल डिशच्या खांबावरून चढत कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत पोचले. दिवाळीनंतर फुलं धरली आणि सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, यंदा भोगीच्या भाजीला घेवडा घरचाच. भोगीला अकरा दिवस राहिलेत आणि वेलाकडे बघवत नाही.

मधे तीन-चार दिवस आभाळ आलं होतं, तेव्हापासून सुरू झालं. कोवळे शेंडे, फुलांचे तुरे, शेंगांचे देठ, सगळीकडे मोहरीपेक्षा बारीक काळे चकचकीत किडे इतके दाटून बसलेत की खालचं हिरवं दिसत नाही. शेंडे मुरडलेत. खालची पानं पाक सांडल्यासारखी चिकट, आणि दोरीवरच्या यांच्या पांढऱ्या शर्टावरही तेच डाग. मुंगळ्यांची तर ये-जा चालूच.

सासूबाईंनी गोवरीची राख भुरभुरली. दोन दिवस बरं वाटलं, परत जैसे थे. मग मी शहाणपणा केला, अर्ध्या लिटर पाण्यात दोन चमचे धुण्याची पावडर घालून भर दुपारी फवारलं. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा करपल्या, मावा जागच्या जागी. शेंगदाण्याची पेंड भिजवून दर आठवड्याला घालते, तरी वेल असा आजारी का पडला कळत नाही.

कालपासून आणखी एक नवी भानगड. काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, अगदी छोट्या मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या शेंड्यांवर फिरताहेत. आठ-दहा चिमट्याने धरून साबणाच्या पाण्यात टाकल्या.

मागच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या मावशी आहेत. त्या म्हणाल्या, तंबाखूचा चुरा देते, उकळून मार, एका फवाऱ्यात खल्लास. मारू का? शेंगा खायच्यात आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे. शिवाय शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये रुई वाढलीय, तिच्यावर पिवळाधमक मावा आहे. तिथूनच येतोय का? रुई तोडायला सांगू?

पाइपने जोरात पाणी मारा असं सगळे सांगतात. आमच्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो. बोअर आहे, पण त्या पाण्याला साबणाचा फेससुद्धा येत नाही. फोटो चढवायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

मालदांडी:
ताई, थांबा की ओ! त्या मगरी मारू नका. ती ढालकिड्याची पिल्लं आहेत, लेडीबर्ड म्हणतात तोच. लाल-केशरी पाठीचा गोल भुंगा सगळ्यांना माहीत असतो, त्याची अळी कुणी ओळखत नाही. मावा हेच तिचं जेवण. एकेक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते. तुम्ही फुकट आलेली फौज बुडवून मारलीत.

शेंगाचटणी:
एवढा काथ्याकूट कशाला? कृषी सेवा केंद्रातून मावा-तुडतुड्याचं औषध आणायचं, दोन झाकणं मारायची, विषय संपला.

मालदांडी:
विषय संपेल, पण अकरा दिवसांनी शेंगा ताटात यायच्यात बे. त्यातली बरीचशी औषधं आंतरप्रवाही असतात, झाडाच्या रसात उतरतात, म्हणजे शेंगेतही. शेतात सुद्धा फवारणी आणि तोडणीत किती दिवस सोडायचे ते डब्यावर बघावं लागतं. आणि झाकणाने मापून तर काहीच मारू नये.

निवृत्त_जीवशास्त्र:
मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे थोडं लांबेल.

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, अंड्यांची भानगड नाही. जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच घडत असतं. आठ-दहा दिवसांत तेही पिल्लं घालू लागतं. म्हणून शुक्रवारी चार दिसले आणि पुढच्या शुक्रवारी शेंडा काळा, हे होतंच. गर्दी झाली की काहींना पंख फुटतात आणि ते पुढच्या झाडावर जातात.

झाडाच्या रसात साखर भरपूर आणि नत्र कमी. हवं तेवढं नत्र मिळवायला मावा रस ओढत राहतो आणि जास्तीची साखर मागून टाकतो. शर्टावरचा डाग तोच. त्यावर पुढे काळी काजळीसारखी बुरशी चढते. आता तुमच्या पेंडेकडे या. दर आठवड्याला पेंड म्हणजे नत्राचा मारा, वेल लुसलुशीत, रसात नत्र जास्त. वेल आजारी नव्हता, उलट माव्याच्या दृष्टीने फारच चविष्ट होता. पेंड महिनाभर बंद.

साबणाचं पाणी हा उपाय चुकीचा नाही, तुम्ही केलं ते चुकलं. धुण्याच्या पावडरीत सोडा आणि काय काय असतं, पानं भाजतात. साधा साबण किसून लिटरला ५ ग्रॅम पुरे, तोही सूर्य कलल्यावर, आणि आधी दोन पानांवर मारून एक दिवस बघा. बोअरचं पाणी घेऊ नका. त्यातल्या चुन्याशी साबण जुळून फाटतो, पांढरा गाळ होतो, किड्यावर काही परिणाम होत नाही. नळाचं साठवलेलं पाणी घ्या. आणि साबण अंगाला लागला तरच किडा मरतो, वाळल्यावर त्यात काही दम नाही. तेव्हा पानांच्या खालून मारायला हवं.

तंबाखू मात्र अजिबात नको. निकोटिन हे जहाल विष आहे, वनस्पतीतून आलं म्हणून सौम्य होत नाही. कातडीतूनही अंगात जातं, उकळताना वाफेतूनही. तुमच्या मावशींनाच विचारा, ओल्या तंबाखूत दिवसभर हात असला की गरगरतं का. शिवाय गच्चीवर मिरची-टोमॅटो असतील तर तंबाखूच्या चुऱ्यातून मोझॅकचा विषाणू त्यांना लागू शकतो.

कुंडीतली_कोथिंबीर:
अरे देवा, आठ-दहा मगरी गेल्या माझ्या हातून. मिरचीची तीन झाडं आहेत, बरं झालं विचारलं. मावशींना विचारलं, म्हणाल्या गरगरतं की, सवय झाली.

पण ढालकिडे राहू द्यायचे तर साबण मारायचा कसा? तेही मरतील ना?

मालदांडी:
फवारूच नका. वाटीत साबणाचं पाणी घ्या, काळा झालेला शेंडा वाकवून वाटीत बुडवा, बोटांनी हलका चोळा, मग साध्या पाण्यात बुडवा. अर्ध्या बादलीत सगळा वेल होतो. बुडवण्याआधी शेंड्यावर मगर असेल तर उचलून दुसऱ्या पानावर ठेवायची. जो शेंडा पार मुरडलाय तो खुडून टाका.

आता मुंगळे. खरी मेख तिथंय. गोड पाकासाठी ते माव्याची राखण करतात, ढालकिडे आले की चावून हाकलतात. मुंगळे वर कुठून चढतात ते आधी शोधा. खांबाला खाली चार बोटं रुंदीचं ग्रीस फासा, वेलाला थेट नको. डबा पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा.

आमची करडई आहे, त्यामुळे माव्याशी जुनी ओळख. उशिरा पेरली की हमखास येतो, आणि येतो तो बांधाकडच्या ओळींवर आधी. ज्वारीवर आला की त्याला आम्ही चिकटा म्हणतो, ताटं उन्हात गुळवणी फासल्यासारखी चमकतात, आणि मग तो काळा पडलेला कडबा जनावर हुंगून सोडून देतं.

रुई तोडू नका. तिच्यावरचा पिवळा मावा वेगळा, तो रुई-कण्हेरीवरच राहतो, घेवड्यावर येत नाही. त्यावर ढालकिडे मात्र पोसतात. उद्या सकाळी जाऊन बघा. मारुतीला पानं न्यायला शनिवारी लोक येतात, त्यांच्या आधी.

निवृत्त_जीवशास्त्र:
बुडवण्याचा उपाय उत्तम. निंबोळी तेल हवंच असेल तर १५०० पीपीएमचं लिटरला ५ मिली, चिमूटभर साबणासह, संध्याकाळी, फुलांवर न उडवता. ऊन लागलं की त्याचा गुण उतरतो. रात्रीत मारणारं ते नव्हे. मावा खाणं सोडतो, कात टाकताना अडकतो, त्याला चार-सहा दिवस लागतात. व्हर्टिसिलियमची पावडर कुणी सुचवली तर ती बुरशी आहे, तिला दमट हवा लागते. सोलापूरच्या कोरड्या हवेत पैसे घालवू नका.

कुंडीतली_कोथिंबीर:
पाच दिवसांनी लिहितेय.

खांबाला ग्रीस लावलं, डबे परातीत ठेवले, तरी मुंगळे वरच. संध्याकाळी अर्धा तास नुसती बसून बघत राहिले. साहेब कपड्याच्या दोरीवरून येत होते, पलीकडच्या कठड्यापासून, एका रांगेत! दोरीची दोन्ही टोकं ग्रीस लावून बंद केली. दुसऱ्या दिवशी वर अडकलेले तेवढेच उरले.

शेंडे तीनदा बुडवले. रुईवरून सहा मगरी आणि दोन भुंगे काडेपेटीत घालून आणले. ह्यांनी विचारलं, काडेपेटीत काय? म्हटलं, पाहुणे.

एक शंका. काही मावे काळे राहिले नाहीत, तांबूस-भुरे, टम्म फुगलेत, हलत नाहीत. दोघांच्या पाठीला गोल भोक आहे. हा रोग का?

निवृत्त_जीवशास्त्र:
रोग नव्हे, नशीब. अगदी बारीक गांधीलमाशी माव्याच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, त्याचं नुसतं खोकं उरतं. भोक म्हणजे माशी बाहेर पडली. अशी पानं खुडू नका.

शेंगाचटणी:
एवढी लोकं कामाला लागलीत, माझं औषध मागे घेतो.

कुंडीतली_कोथिंबीर:
भोगी झाली. घरचा घेवडा निघाला दीड ओंजळ, बाकीचा मंडईतून आणला. सासूबाईंनी घरच्या शेंगा वेगळ्या निवडून वर दिसतील अशा घातल्या आणि शेजारी वाटी देताना तेवढंच सांगितलं.

वेलाचे नवे शेंडे सरळ यायला लागलेत, खाली थोडा मावा आहे, असू दे. पण आता मगरी फिरताना दिसत नाहीत. चार-पाच जणी शेपटीने चिकटून, अंग आखडून बसल्यात, दोन पानांखाली आणि तीन चक्क दोरीवरच्या चिमट्यांवर. बोट लावलं तर जरा उसळतात. मरताहेत का?

मालदांडी:
नाही ओ, कोषात गेल्यात. आठवडाभरात पाठ फाटून भुंगे निघतील, आधी पिवळट दिसतात, मग रंग चढतो. तोवर ते तीन चिमटे वापरू नका.