ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये वडिलांची पहिली तपासणी : काय तयारी ठेवावी?

प्रश्न (बार्शी तालुका)

माझे वडील तोफखान्यातून १९९५ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. इतकी वर्षे ते दरमहा मिळणाऱ्या वैद्यकीय भत्त्यावरच औषधपाणी भागवत आले. आता भत्ता सोडून त्यांनी आपले आणि आईचे ईसीएचएस (माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना) कार्ड काढून घेतले आहे. पुढच्या आठवड्यात त्यांना सोलापूरच्या पॉलिक्लिनिकमध्ये (या योजनेच्या दवाखान्यात) पहिल्यांदाच दाखवायचे आहे. त्यांना मधुमेह आहे, उजव्या कानाने कमी ऐकू येते आणि गुडघे दुखतात. मात्र डॉक्टरांसमोर बसले की ते काहीच बोलत नाहीत. सोबत कोणती कागदपत्रे न्यावीत आणि कानाचा आजार नोकरीमुळे झाला असल्यास त्याची नोंद तिथेच होते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त सुभेदार, सोलापूर)

ताई, वडिलांचे न बोलणे मी चांगले समजू शकतो. नोकरीत असताना दुखणे सांगितले तर मेडिकल कॅटेगरी (शारीरिक क्षमतेची श्रेणी) खाली जाईल आणि बढती अडेल, या धास्तीने आम्ही वर्षानुवर्षे ‘सब ठीक है साहब’ एवढेच म्हणत आलो, आणि ती सवय अंगावरचा गणवेश उतरला तरी उतरत नाही. पॉलिक्लिनिकमध्ये कॅटेगरी ठरत नाही, तिथे केवळ उपचार होतात, हे त्यांना घरून निघण्यापूर्वीच शांतपणे समजावून सांगा. माझ्या मते साऱ्या तयारीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे.

तक्रारी आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलून कागदावर लिहून काढा. ‘गुडघे दुखतात’ एवढ्यावर न थांबता, किती पायऱ्या चढल्यावर दुखतात, खाली मांडी घालून बसता येते का, रात्री झोपमोड होते का, असे लिहावे. पहिल्या भेटीत डॉक्टरांना रुग्णाची काहीच पार्श्वभूमी ठाऊक नसते आणि रांगही मोठी असते, त्यामुळे असा एक कागद फार उपयोगी पडतो. दोघांची मूळ कार्डे, डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका), पीपीओची (निवृत्तिवेतन आदेशाची) प्रत, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांच्या पट्ट्या सोबत ठेवा. गोळीचे नाव सांगण्यापेक्षा पट्टी दाखवणे केव्हाही चांगले, कारण त्याच घटकाचे औषध तिथे वेगळ्या कंपनीचे मिळू शकते.

कानाविषयी एक गैरसमज दूर करतो. आजार नोकरीमुळे झाला की नाही, हा निर्णय पॉलिक्लिनिक देत नाही. तो वैद्यकीय मंडळाचा विषय आहे आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाची वाट निराळी आहे. त्यासाठी निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय कागदांसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी. तरीही आपण तोफेवर किती वर्षे होतो, हे वडिलांनी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण मोठ्या आवाजाचा कानावर होणारा परिणाम उपचाराच्या दृष्टीनेही महत्त्वाचा असतो.

उत्तर २ (परिचारिका)

श्रवणचाचणी करायचे ठरले तर त्याआधी कानातील मळ डॉक्टरांकडून काढून घ्यावा आणि आदल्या दिवसापासून ट्रॅक्टर, लाउडस्पीकर अशा मोठ्या आवाजांपासून त्यांना दूर ठेवावे, नाहीतर चाचणीचा निकाल प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसू शकतो. उपाशीपोटीच्या साखरेसाठी आठ ते दहा तास पाण्याखेरीज काहीही घेऊ नये. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यावे की नाही, हे आधी फोन करून डॉक्टरांनाच विचारा. बार्शीहून पहाटे एसटीने निघून तपासणी होईपर्यंत उपाशी राहणे वयस्कर माणसाला धोक्याचे ठरू शकते. म्हणून पिशवीत खाण्याचे काहीतरी आणि साखर असू द्या, आणि घाम, थरथर किंवा चक्कर जाणवली तर चाचणीची वाट न पाहता ती लगेच द्या. एचबीए१सी या (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या) तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. पोहोचल्याबरोबर रक्तदाब मोजू देऊ नका. पाच मिनिटे पाठ टेकून बसल्यावरच मोजावा.

उत्तर ३ (माजी सैनिकाची पत्नी, पंढरपूर)

तज्ज्ञांकडे पाठवायचे असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल (शिफारसपत्र) मिळते. पॅनेलवरील, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांपैकी कोणते निवडायचे, हे आपण सांगू शकतो; गोंधळून जाऊन दुसऱ्याने सुचवलेल्या नावाला लगेच होकार देऊ नये. माझ्या यजमानांना एका रुग्णालयात रेफरल असतानाही अनामत रक्कम भरायला सांगितली होती. उपचार कॅशलेस असतात हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि मी दागिने गहाण ठेवून पैसे भरले. तुमच्यावर तशी वेळ आली, तर पैसे देण्याआधी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना फोन करा.

आणीबाणीत पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल करावे लागले, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. तो क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आजच नोंदवून ठेवा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री सुभेदारसाहेबांचे उत्तर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, कान १९८७ पासूनच वाजतो. आईलाही हे पहिल्यांदाच कळले. कागदावर सर्वांत वर तेच लिहिले आहे.