सभेत धर्मावर उघड मतं मागितली, साधा मतदार हायकोर्टात जाऊ शकतो का?

पूर्व_उपनगरकर

नमस्कार मंडळी. विधानसभेचा निकाल लागून दोन आठवडे होत आले तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतोय, पक्षांवरून भांडायला नाही. आमच्याकडे प्रचार संपायच्या आदल्या दिवशी मैदानात सभा झाली, उमेदवार स्टेजवर मधल्या खुर्चीत, आणि बाहेरून आणलेल्या एका वक्त्याने माइकवर सरळ सांगितलं की आपल्या धर्माच्या माणसालाच मत द्यायचं, समोरच्याला दिलंत तर वर देवाला उत्तर द्यावं लागेल. उमेदवाराने टाळ्या वाजवल्या आणि भाषण झाल्यावर उठून त्याच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या सगळ्या लेटरबॉक्समधे पत्रक, वर देवाचा फोटो, खाली उमेदवाराचा, आणि मशीनवरचा नंबर. कुठे छापलं, कोणी छापलं काहीच नाही. माणूस निवडून आला, तेही बऱ्यापैकी लीडने.

आमच्या मजल्यावर दुसऱ्या धर्माचं एक कुटुंब आहे, वीसेक वर्षांचा शेजार, त्यांच्याही बॉक्समधे तेच पत्रक पडलं. काकू ते घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे मत मागायचंच नाही असं ठरवलंय का यांनी? मला काही बोलताच येईना, संताप मात्र खूप झाला.

तर प्रश्न असे की मी उमेदवार नाही, कुठल्या पक्षाचा नाही, नुसता मतदार आहे, मला या निवडणुकीला कोर्टात आव्हान देता येतं का? खर्च किती? शेजारच्या मुलाने मोबाईलवर भाषणाची क्लिप काढलीये ती चालेल का? ग्रुपवर एकजण म्हणतो निवडणूक आयोगाला मेल टाका निकाल रद्द होतो, दुसरा म्हणतो असा कायदाच नाही. नक्की काय ते कोणीतरी नीट सांगा.

फोर्टची_वकील

कायदा आहे आणि चांगला कडक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन उमेदवाराने केलं, त्याच्या एजंटने केलं, किंवा उमेदवाराच्या नाहीतर इलेक्शन एजंटच्या संमतीने तिसऱ्याच कोणी केलं तर ते भ्रष्ट आचरण, आणि ते सिद्ध झालं की निवडणूक रद्द. धार्मिक चिन्हं वापरणं पण त्यातच येतं. आणि तुम्ही ते देवाला उत्तर द्यावं लागेल म्हणताय ना, ते याच्याही पुढचं आहे, कलम १२३(२) मधे मतदाराला दैवी कोपाची भीती घालणं हा गैरवाजवी दबाव म्हणून वेगळा धरलाय. याचिकेत दोन्ही मुद्दे वेगवेगळे घ्यायचे.

आयोगाला मेल टाकून निकाल रद्द होत नाही हो, कृपा करून असले फॉरवर्ड बंद करा. प्रचार चालू असताना आयोग बंदी घालू शकतो, २०१९ च्या लोकसभेला योगी आदित्यनाथ यांना ७२ तास आणि मायावतींना ४८ तास प्रचार करायला मनाई केली होती ती अशाच भाषणांवरून, पण एकदा निकाल लागला की रस्ता एकच, हायकोर्टात निवडणूक याचिका. ती त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो, म्हणजे तुम्ही करू शकता.

मुदत निकालापासून ४५ दिवस. तुमचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ चा, म्हणजे ७ जानेवारी. इथे उशीर माफ होत नाही, बाकीच्या केसमधे आपण विलंब माफीचा अर्ज टाकतो तसला प्रकार या कायद्यात नाहीच, एक दिवस गेला की संपलं. डिपॉझिट २००० रुपये भरायचं. जितके प्रतिवादी तितक्या प्रती जोडायच्या आणि प्रत्येक प्रतीवर खरी प्रत म्हणून तुमची स्वतःची सही हवी. डिपॉझिट राहिलं किंवा प्रतींचा घोळ झाला तर कलम ८६ खाली दारातच फेटाळतात, आत काय लिहिलंय ते कोणी वाचतही नाही. अशा चांगल्या चांगल्या याचिका गेलेल्या बघितल्यात मी आणि फार वाईट वाटतं.

जुना_पार्लेकर

हे सगळं आमच्या पार्ल्यात घडून गेलंय. डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक. डॉ. रमेश प्रभू उभे होते, तेव्हाचे महापौर, आणि प्रचाराला स्वतः बाळासाहेब. मी तेव्हा कॉलेजात होतो, सभेला गर्दी एवढी की रस्ता बंद. हिंदूंच्या रक्षणासाठी ही निवडणूक लढवतोय, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, या अर्थाचं भाषण होतं. १३ तारखेला मतदान, १४ ला निकाल, प्रभू निवडून आले. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे हरले होते ते हायकोर्टात गेले आणि एप्रिल १९८९ मधे हायकोर्टाने निवडणूक रद्द केली. पुढे सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर १९९५ ला तेच कायम केलं. त्याच प्रकरणामुळे १९९९ मधे राष्ट्रपतींच्या आदेशाने बाळासाहेबांचा मताधिकार गेला, सहा वर्षांचा, डिसेंबर १९९५ पासून धरून.

पण वर्षं मोजा ना. १९८७ ची निवडणूक आणि शेवटचा शब्द १९९५ ला, मधे १९९० आणि १९९५ अशा दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या. कायद्यात लिहिलंय की सहा महिन्यांत याचिका निकालात काढायचा प्रयत्न करावा. आम्ही पार्लेकरांनी त्यातून काय मिळवलं? माणूस टर्म भोगून गेला. मला त्या निकालाचा आदरच आहे पण पूर्व_उपनगरकर, तुम्ही मनाची तयारी ठेवूनच उतरा.

निनाद_लालबाग

मला एक सांगा, हा कायदा फक्त हिंदूंच्या सभांवरच का चालतो? दुसरीकडे प्रार्थनास्थळातून अमक्यालाच मत द्या सांगतात तेव्हा कोणी याचिका टाकत नाही. आणि भाषा पण कलमात आहे म्हणता, मग मुंबईत मराठी माणसाच्या हक्काचं बोलायचंच नाही का? गिरणगाव उठलं, मराठी माणूस बदलापूर विरारला गेला, ते निवडणुकीत नाही बोलायचं तर कधी बोलायचं? राग आला म्हणून नाही, मनापासून विचारतोय.

फोर्टची_वकील

निनाद, पहिल्या मुद्द्याला मुंबईचीच केस आहे आणि ती पार्ल्याच्याही आधीची. १९७२, कुंभारवाडा मतदारसंघ. मुस्लिम लीगचे झियाउद्दीन बुखारी निवडून आले, समोरचे उमेदवार शौकत छागला. बुखारींनी भाषणात छागला खरे मुसलमानच नाहीत अशा धर्तीवर प्रचार केला. हायकोर्टाने निवडणूक रद्द केली आणि १९७५ मधे सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. म्हणजे उमेदवार मुसलमान, विरोधक मुसलमान, तरी धर्मावर मत मागितलं म्हणून गेली. कायदा सगळ्यांना सारखाच आहे, याचिका टाकायला कोणीतरी पुढे यावं लागतं एवढंच, आणि तुमच्या मतदारसंघात कोणी प्रार्थनास्थळातून सांगत असेल तर तुम्हीही टाकू शकता, मी स्वतः ड्राफ्ट करून देईन. नेहरूनगरची १९९० ची निवडणूक मंदिरातल्या भाषणावरूनच रद्द झाली होती.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे आणि त्यावर सुप्रीम कोर्टातच फूट पडलीये. सांताक्रूझची १९९० ची निवडणूक, अभिराम सिंग यांची. त्यातून प्रश्न निघाला की कलमातला धर्म म्हणजे फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही. तो सात न्यायमूर्तींपुढे गेला आणि निकाल आला २ जानेवारी २०१७ ला, ४ विरुद्ध ३. बहुमत म्हणालं उमेदवार, विरोधक, मतदार, कोणाचाही धर्म, जात, भाषा पुढे करून मत मागता येणार नाही. न्या. चंद्रचूड, गोयल आणि लळित यांचं मत वेगळं होतं, त्यांचं म्हणणं की जातीमुळे, भाषेमुळे ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांनी निवडणुकीत ते दुःख मांडायचंच नाही तर लोकशाही कशाला. मला स्वतःला यात अल्पमताचं बरंचसं पटतं. पण बहुमताचा निकाल आला म्हणून मराठीचा विषयच बंद असं मात्र नाही, भाषेच्या जतनासाठी काम करीन असं आश्वासन देणं हे भ्रष्ट आचरण नाही असं सुप्रीम कोर्टाने १९६० च्या दशकातच एका हरियाणाच्या केसमधे सांगितलंय. मराठी शाळा टिकवीन, गिरणी कामगारांना इथेच घर मिळवून देईन, खुशाल बोला. मी मराठी आहे आणि समोरचा नाही म्हणून मला मत द्या म्हणालात की कलम लागलं.

जुना_पार्लेकर

ताई, मग मनोहर जोशी कसे सुटले? तो पण त्याच दिवशीचा निकाल ना?

फोर्टची_वकील

हो काका, तोच दिवस, ११ डिसेंबर १९९५, तेच खंडपीठ. आणि पूर्व_उपनगरकर, तुम्ही हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचाच, कारण तुमची केस कुठे उभी राहील आणि कुठे पडेल ते त्यात आहे.

जोशी १९९० ला दादरमधून निवडून आले, हायकोर्टाने निवडणूक रद्द केली, आणि सुप्रीम कोर्टात निकाल लागला तेव्हा ते मुख्यमंत्री होते. त्यांनी २४ फेब्रुवारी १९९० ला शिवाजी पार्कच्या सभेत म्हटलं होतं की महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल. कोर्ट म्हणालं हे कितीही निषेधार्ह असलं तरी ही आशा व्यक्त केली, धर्माच्या नावावर मत मागितलं असं होत नाही. ही फोड मला आजही पटत नाही. सभेला बसलेल्या माणसाला त्या वाक्यातून काय ऐकू आलं असेल ते सांगायला वकील लागत नाही. पण त्या केसमधे दुसऱ्या नेत्यांची जी भाषणं होती, ती सुटली ती वेगळ्या कारणाने. उमेदवाराची त्या भाषणांना संमती होती हे याचिकेत नीट मांडलेलंच नव्हतं, आणि ज्यांची भाषणं होती त्यांना कलम ९९ ची नोटीस, म्हणजे ठपका ठेवण्याआधी बाजू मांडायला बोलावणारी, गेली नव्हती. पार्ल्याच्या केसमधे प्रभू सभांना हजर होते, भाषणांच्या तारखा एक एक करून दिलेल्या होत्या, २९ नोव्हेंबर, ९ आणि १० डिसेंबर, आणि बाळासाहेबांना नोटीस गेली होती. सगळा फरक याचिकेच्या पानांवरचा आहे.

म्हणून तुमच्या याचिकेत कोण बोललं, कुठल्या मैदानात, किती वाजता, नेमके शब्द काय, उमेदवार कुठे बसला होता, टाळ्या, पाया पडणं, सगळं यायला हवं. भ्रष्ट आचरणाचा आरोप असल्यामुळे फॉर्म २५ चं वेगळं अॅफिडेव्हिट लागतं. प्रूफ फौजदारी खटल्यासारखं, संशयाला जागा नको. आणि भाषण उमेदवारी अर्ज भरल्यानंतरचं हवं, त्याच्या आधीचं धरत नाहीत, तुमचं शेवटच्या आठवड्यातलं आहे तेव्हा ती अडचण नाही.

क्लिपचं सांगते. बुखारींच्या केसमधेच भाषणाच्या टेप चालल्या होत्या आणि तेव्हाच कोर्टाने सांगितलं की आवाज ओळखला गेला पाहिजे, ज्याने रेकॉर्ड केलं त्याने येऊन सांगितलं पाहिजे, छेडछाड नाही हे दिसलं पाहिजे. आता मोबाईलला सर्टिफिकेट लागतं, नवीन साक्ष कायद्याचं कलम ६३. आधी ते ६५ब होतं आणि त्यावरचा २०२० चा मोठा निकाल आपल्या जालन्याच्याच निवडणूक याचिकेतला, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली क्लिप घेऊन जाऊ नका, ज्या फोनमधे शूट केली तो फोन आणि तो मुलगा दोन्ही लागतील. फोन विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही.

निवडणूक_ड्युटीवाला

दोन गोष्टी माझ्याकडून. मी शाळेत शिक्षक, यावेळी व्हिडिओ पाळत पथकात ड्युटी होती. मोठ्या सभांना सरकारी कॅमेरा असतोच, खर्च मोजायला म्हणून, स्टेजवर कोण कोण, खुर्च्या किती, बॅनर किती सगळं शूट होतं, त्यात भाषणही येतं. ते फुटेज मागायचा अर्ज आजच टाका, पोचपावती घ्या.

दुसरं ते पत्रक. त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव पत्ता नसणं हा कलम १२७अ चा गुन्हा आहेच, पण तुम्हाला ते उमेदवाराशी जोडायचंय ना? निकालापासून ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि तो कोणालाही फी भरून बघता येतो. तिथे छपाईची बिलं लावलेली असतात, प्रेसचं नाव, किती प्रती, तारीख. तुमचं पत्रक त्यात सापडलं तर मग माझ्या कार्यकर्त्यांनी परस्पर छापलं असं म्हणायची सोय राहत नाही. २३ डिसेंबरनंतर जा, तोपर्यंत हिशोब आलेला असेल, म्हणजे मुदतीच्या आत तुमच्या हातात दोन आठवडे उरतात.

पूर्व_उपनगरकर

एवढं सगळं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, खरंच आभार. मुलाशी बोललो, फोन त्याचाच आहे, ओरिजिनल क्लिप आहे, त्याच्या वडिलांना साक्षीची जरा धास्ती वाटतेय पण तो तयार आहे. काकूंनाही विचारलं, त्या म्हणाल्या पत्रक मी प्लास्टिकमधे घालून ठेवलंय आणि कोर्टात बोलावलं तर येईन. फुटेजचा अर्ज उद्या टाकतो. एकच भीती आहे ती सांगतो, उद्या माझ्यावर दबाव आला आणि मला मागे घ्यावी लागली तर सगळं वाया?

फोर्टची_वकील

निवडणूक याचिका मनात आलं की मागे घेता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते, त्याची नोटीस छापून येते, आणि तुम्ही बाहेर पडलात तर दुसरा मतदार तुमच्या जागी येऊन तीच याचिका पुढे चालवू शकतो. याचिकाकर्ता वारला तरी तेच. तेव्हा मतदारसंघातले अजून दोघंतिघं आत्ताच सोबत घ्या, एकट्याच्या नावावर टाकू नका.

कागद घेऊन २६ डिसेंबरच्या आसपास फोर्टात या, फी चं आपण नंतर बघू. आणि दाखल करायच्या दिवशी कामावर रजा टाका, याचिका देताना याचिकाकर्त्याने स्वतः हायकोर्टात हजर असावं लागतं, नुसता वकील गेला तर त्यावरूनही फेटाळलेल्या आहेत. मुलाचा फोन येताना आणू नका, तो घरीच कपाटात राहू दे.