राज्यसभेत प्रत्येक राज्याला सारख्या जागा का नकोत?

रानवारा: लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्यात, आज ना उद्या त्या सुटणारच आणि ज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांचं वजन घटणार, हे सगळ्यांना दिसतंय. माझं म्हणणं असंय की लोकसभा जाऊ दे लोकसंख्येवर, पण मग राज्यसभा तरी खरोखर राज्यांची करा. आत्ता यूपीला ३१, आपल्या महाराष्ट्राला १९, गोव्याला १, सिक्कीमला १. ही तर दुसरी लोकसभाच झाली की. अमेरिकेत पावणेचार कोटींच्या वर वस्तीचं कॅलिफोर्निया असो नाहीतर सहा लाखही नसलेलं वायोमिंग, सिनेटमध्ये म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात सिनेटर दोनच. आपल्याकडे प्रत्येकी ८ द्या, २८ राज्यांचे २२४ होतात, सभागृहही फार बदलत नाही. केंद्रशासितांचं वेगळं बघता येईल.

हिशोबनीस: भाऊ, भावना पोचल्या, पण गणित केलंय का? दक्षिणेच्या पाच राज्यांना आत्ता २३३ निवडून येणाऱ्या जागांपैकी ५७ आहेत, म्हणजे २४ टक्क्यांच्या वर. तुमच्या योजनेत २२४ पैकी ४०, म्हणजे १८ टक्के. ज्यांच्यासाठी रडताय त्यांचंच घटलं! यूपी, बिहार, एमपी, राजस्थान, झारखंड, छत्तीसगड, हरियाणा, हिमाचल, उत्तराखंड मिळून ९० आहेत, ते ७२ होतील, एवढाच काय तो फरक. महाराष्ट्र ८ टक्क्यांवरून साडेतीनवर. आणि ईशान्येची आठ राज्यं, सगळ्यांची मिळून लोकसंख्या २०११ ला महाराष्ट्राच्या निम्मीपण नव्हती, ती १४ वरून ६४ वर.

मांडवीकाठ: मग ६४ झाल्या तर बिघडलं काय? दिल्लीत त्यांचं ऐकतं कोण आज? मी गोव्यातून लिहितोय. म्हादईच्या पाण्यावरून आमचं कर्नाटकाशी भांडण आहे, त्यांचे लोकसभेत २८ आणि राज्यसभेत १२, आमचे २ आणि १. केंद्रातलं सरकार कोणाचंही असो, ते कुणाला दुखवायला घाबरेल सांगा. आणि सारखं वजन आपल्या घटनेला परकं आहे असंही नाही, जीएसटीबद्दल ठरवणाऱ्या केंद्र-राज्यांच्या जीएसटी कौन्सिलमध्ये गोव्याचं मत यूपीच्या मताएवढंच मोजतात. तिथं आभाळ कोसळलं नाही.

हिशोबनीस: जीएसटी कौन्सिलचं अर्धंच सांगितलंत. तिथं एक तृतीयांश वजन एकट्या केंद्राचं आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्यं एका बाजूला गेली तरी केंद्राशिवाय पान हलत नाही. राज्या-राज्यांत समानता, पण किल्ली दिल्लीच्या खिशात.

वऱ्हाडी_ठेचा: राजेहो, तुम्ही सगळे घटनेचं कलम ३ विसरून राहिले. आपल्या इथं राज्य तोडायला संसदेचं साधं बहुमत पुरतं, विधानसभेचं फक्त मत विचारतात, संमती लागत नाही. २०१४ ला आंध्रच्या विधानसभेनं विधेयक नाकारलं, तेलंगणा झालंच ना? आता प्रत्येक राज्याला ८ ठेवा आणि गंमत बघा. यूपीचे चार तुकडे करायचा ठराव २०११ मध्ये मायावतींच्या काळात विधानसभेनंच केला होता, म्हणजे ८ चे ३२. मी विदर्भवादी आहे, मला तर चालते, आमचे ८ वेगळे. पण ज्याची सत्ता तो आपल्या सोयीचे तुकडे पाडत सुटेल. अमेरिकेतही डाकोटाची १८८९ मध्ये दोन राज्यं केली त्यामागं सिनेटच्या जागांचा हिशोब होताच. अन् तिथं तर असलेलं राज्य तोडायला त्या राज्याची संमती लागते.

रानवारा: ठेचा भाऊ, मग कलम ३ मध्ये पण संमती घाला ना! एक चूक आहे म्हणून दुसरी तशीच ठेवायची का.

सातवी_अनुसूची: जागा किती यावर सगळे भांडताय, पण त्या जागेवर बसतो कोण? २००३ मध्ये कायदा बदलून उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याची अटच काढून टाकली, २००६ ला सुप्रीम कोर्टानं कुलदीप नय्यर केसमध्ये ते मान्यही केलं. मनमोहन सिंग आसाममधून जायचे, ते तर अट असतानाही. वर पक्षांतरबंदी, व्हिप म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश आला की राज्याचं हित गुंडाळून मत द्यायचं. असे ८ काय आणि ८० काय, ते हायकमांडचेच. बदल करायचाच तर जर्मनीसारखा करा. तिथं बुंडेसराटमध्ये, म्हणजे राज्यांच्या सभागृहात, राज्याचं सरकारच बसतं, लोकसंख्येप्रमाणे ३ ते ६ मतं, आणि एका राज्याची मतं एकगठ्ठा द्यावी लागतात, फोडाफोडीला वावच नाही.

मांडवीकाठ: म्हणजे तिथंही लहान राज्याला निदान ३ आहेतच ताई. आम्हाला १. मी तेच म्हणतोय.

हिशोबनीस: पण राज्याची सरकारं थेट बसवली की दुसरा त्रास होतो, विरोधी पक्षाची राज्यं केंद्राला अडवत बसतात. जर्मनीत इतकं अडलं की २००६ मध्ये घटनादुरुस्ती करून बुंडेसराटची संमती लागणारे विषयच कमी करावे लागले. आपल्याला असलं पांगळं केंद्र परवडणार नाही, फाळणी होऊन गेलेल्या देशात आंबेडकरांनी केंद्र मजबूत ठेवलं ते उगाच नाही.

सातवी_अनुसूची: मजबूत ठेवा हो, पण किती? शिक्षण राज्यांचा विषय होता, आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीनं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या यादीत गेला आणि परत आलाच नाही. त्यात विधेयकावर मनी बिल म्हणजे फक्त पैशाच्या बाबींचं विधेयक असा शिक्का मारला की राज्यसभेनं १४ दिवसांत फक्त शिफारशी करायच्या, त्याही लोकसभेनं फेकून दिल्या तरी चालतं. आधार कायदा २०१६ मध्ये असाच काढला, राज्यसभेच्या दुरुस्त्या त्याच दिवशी नाकारल्या. मनी बिल कुठलं हे लोकसभेचा स्पीकर ठरवतो. पहिलं ते कुलूप काढा. मग रानवारांच्या ८ जागांवर बोलू, आणि तेव्हाही मी विरोधातच असेन.